न विचारता निघालेला विमा: एका पीककर्ज खात्याचे प्रकरण

जुलैअखेरीस पीककर्ज खात्याच्या उताऱ्यावर एक ओळ उमटते: पीकविमा हप्ता, नावे 2,000 रुपये. खातेदाराने विम्याचा अर्ज भरलेला नसतो, कुठे सही केलेली नसते. घरातून रोख पैसेही गेलेले नसतात, कारण हप्ता कर्ज खात्यालाच नावे पडतो आणि कर्जाच्या रकमेत मिसळून जातो. पुष्कळांना ही ओळ पुढच्या मार्चमध्ये, नवे-जुने करताना, म्हणजे जुने कर्ज फेडून नवे उचलताना, दिसते. काहींना दिसतच नाही.

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप 2020 पासून सर्व शेतकऱ्यांसाठी ऐच्छिक झाली. तरी हा हप्ता नियमाप्रमाणेच कापलेला असतो. तो बरोबर कापला गेला का, आणि त्याचा उपयोग होणार का, हे पाहण्यासाठी एक नमुन्याचे खाते घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून रकमा आणि उत्पादनाचे आकडे गोल धरले आहेत. नियम आणि मुदती मात्र महाराष्ट्रातल्या, खरीप 2025 पर्यंतच्या आहेत.

खाते असे आहे. मराठवाड्यातले गाव, एक गट, सातबाऱ्यावर क्षेत्र 2.00 हेक्टर. कर्ज गावच्या सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेचे. मे महिन्यात कर्ज उचलताना पीक लिहिले सोयाबीन, क्षेत्र 2.00 हेक्टर. जूनमध्ये पाऊस लांबला, पेरणी जुलै उजाडल्यावर दोन खेपांत झाली. शेवटी सोयाबीन 1.20 हेक्टरवर आणि तूर 0.80 हेक्टरवर पेरली गेली. यात वावगे काही नाही. कर्ज मेमध्ये उचलले जाते आणि पेरा पाऊस पाहून ठरतो, त्यामुळे कर्जाचा कागद आणि शेत यांत फरक पडणे कोरडवाहू भागात नेहमीचेच आहे.

सक्ती कुठून आली

पिकाचा विमा कर्जाला बांधण्याची पद्धत 1985 च्या सर्वंकष पीक विमा योजनेपासूनची. 1999 च्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेने ती चालू ठेवली. 2016 च्या खरिपात पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हाही अधिसूचित, म्हणजे त्या भागात योजनेत घेतलेल्या, पिकासाठी कर्ज घेणाऱ्याला विमा बंधनकारकच होता. बिगरकर्जदाराला मात्र मोकळीक होती.

या सक्तीला कारण होते. विमा पूर्ण ऐच्छिक ठेवला तर ज्याला नुकसानीची खात्री वाटते तोच आत येतो. हलक्या जमिनीचा येतो, भारी जमिनीचा आणि विहीर असलेला बाहेर राहतो, मग हप्त्याचा दर चढत जातो. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1970 च्या दशकात एकेका शेताऐवजी क्षेत्र हा घटक धरून विमा देण्याची मांडणी केली. आज महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर भरपाई ठरते ती याच विचारातून. मंडळातले सगळे प्रकारचे शेतकरी आत असतील तर ही रचना नीट चालते, आणि त्यांना आत आणण्याचा सोपा रस्ता होता बँकेचा. दुसरा हेतू होता बँकेच्या कर्जाला संरक्षण. तो कोणी लपवलेलाही नव्हता.

किंमत मोजावी लागली ती माहितीची. आधीच्या पीक विमा योजनांवर महालेखापरीक्षकांचा अहवाल 2017 मध्ये आला. त्या पाहणीतल्या सुमारे दोन-तृतीयांश शेतकऱ्यांना या योजनांची माहितीच नव्हती. इतकी वर्षे हप्ता भरणारा माणूस आपण विमाधारक आहोत हे जाणत नसेल, तर तो दावा कसा करणार?

19 फेब्रुवारी 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना ऐच्छिक केली. बातमी एवढीच पसरली. तपशील मार्गदर्शक सूचनांत होता: कर्जदाराला बाहेर राहायचे असेल तर त्याने बँकेत सहभागी न होण्याचे घोषणापत्र द्यायचे, तेही अर्जाच्या अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी. दिले नाही तर बँक हप्ता कापून त्याला सहभागी करणार. खरिपाची अंतिम तारीख 31 जुलै असली, तर नकार 24 जुलैपर्यंत पोहोचला पाहिजे.

म्हणजे एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना ‘ऐच्छिक’ या शब्दाचे दोन अर्थ झाले. बिगरकर्जदार काहीच करत नाही, तर त्याचा विमा निघत नाही. कर्जदार काहीच करत नाही, तर त्याचा निघतो. कोणतीही योजना ऐच्छिक आहे का हे तपासताना नियमाचे शीर्षक बाजूला ठेवावे आणि एवढेच विचारावे, की माणूस गप्प बसला तर काय होते.

या खात्यात चुकले कुठे

खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला 1.5 टक्के, नगदी आणि वार्षिक पिकांना 5 टक्के. सोयाबीनची संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 धरली, तर हप्ता हेक्टरी 1,000 रुपये. बँकेने कर्जाच्या नोंदीवरून सोयाबीन 2.00 हेक्टर धरले आणि 2,000 कापले. बँकेचा हिशेब चुकलेला नाही. शेत बदलले आणि ते बँकेला कोणी कळवले नाही.

कळवायची सोय आहे. पीक बदलले तर अंतिम तारखेच्या किमान दोन दिवस आधी बँकेला लेखी सांगायचे असते, 31 जुलै धरल्यास 29 जुलैपर्यंत. सात दिवसांचा नियम बराच कानावर पडतो, दोन दिवसांचा फारसा पडत नाही. आमच्या मते कर्जदारासाठी दोन दिवसांचाच नियम जास्त कामाचा आहे. बहुतेकांना विमा नको नसतो, त्यांना तो आपल्या पेऱ्याचा हवा असतो.

तुरीची संरक्षित रक्कम हेक्टरी 40,000 धरू. मग या शेताचा खरा हप्ता सोयाबीन 1.20 हेक्टरचे 1,200 आणि तूर 0.80 हेक्टरचे 640, मिळून 1,840 होतो. म्हणजे चुकीच्या विम्याला 160 रुपये जास्तच गेले. खरा फटका बसतो तो भरपाईच्या वेळी.

भरपाईचे सूत्र पाठ करून ठेवावे असे आहे: उंबरठा उत्पादनातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करायचे, उरलेल्याला उंबरठा उत्पादनाने भागायचे आणि संरक्षित रकमेने गुणायचे. उंबरठा काढताना मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. राज्यात जोखीमस्तर 70 टक्के आहे. मंडळाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी 15 क्विंटल असेल तर उंबरठा 10.5. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांतले पीक कापून मोजल्यावर, 6.3 क्विंटल निघाले तर तूट 4.2, म्हणजे 40 टक्के, आणि भरपाई हेक्टरी 20,000. आपल्या शेताला 1.20 हेक्टरचे 24,000 मिळायला हवेत. तुरीची सरासरी 8 क्विंटल, उंबरठा 5.6, प्रत्यक्ष 4.2 धरले तर तूट 25 टक्के, भरपाई हेक्टरी 10,000 आणि 0.80 हेक्टरला 8,000.

हे तुरीचे 8,000 रुपये या खात्याला मिळणार नाहीत. तुरीचा विमाच निघालेला नाही. ज्या 0.80 हेक्टरवर सोयाबीन दाखवले तिथे ई-पीक पाहणीत, म्हणजे उभ्या पिकाच्या ॲपवरच्या सरकारी नोंदीत, तूर दिसते, त्यामुळे तेवढे क्षेत्र पडताळणीत अडकते. विम्याची नोंद आणि ई-पीक पाहणी यांत तफावत आली की ई-पीक पाहणीचाच आधार घेतला जातो.

या गोंधळाचे मूळ तारखांमध्ये आहे. खरिपाची नेहमीची विमा मुदत 31 जुलैला संपते. शेतकरी स्तरावरची ई-पीक पाहणी साधारण 1 ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. शेतात काय उभे आहे याची सरकारी नोंद उघडते तीच मुळी विम्याचा दरवाजा लागल्यावर. त्यामुळे हप्ता कापताना बँकेपुढे चालू हंगामाची शेतातली नोंद नसते, मे महिन्यातला कर्जाचा कागद असतो. बिगरकर्जदाराचे तसे नसते. तो अर्ज भरण्याच्या सेवा केंद्रावर पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन येतो. त्याने काही लिहिले तर पेरणी झाल्यावर, स्वतः आणि जाणूनबुजून लिहिलेले असते. आपोआप सहभागाची खरी कमजोरी ही आहे. होकार गृहीत धरणे एक वेळ चालेल. त्यासोबत पीक, गट आणि क्षेत्रही गृहीत धरले जाते, ते चालण्यासारखे नाही.

दुसरी चूक: दुहेरी नोंद

या खात्यात आणखी एक गोष्ट घडू शकते आणि ती फार घडते. गावात दवंडी होते, विम्याची तारीख जवळ आली म्हणून. खातेदार 29 जुलैला आपले सरकार किंवा सामूहिक सेवा केंद्रावर जातो. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पेऱ्याचे घोषणापत्र देतो. खरीप 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो सोयाबीन 1.20 आणि तूर 0.80 असा अचूक अर्ज भरतो, 1,840 रुपये देतो, पावती घेतो. त्या क्षणी संगणकावर सगळे बरोबर दिसते, कारण कर्जदारांच्या नोंदी पीक विम्याच्या पोर्टलवर चढवायला बँकांना अंतिम तारखेनंतरही जादा मुदत असते. ऑगस्टमध्ये बँकेची 2.00 हेक्टरची नोंद येऊन पडते. आता 2.00 हेक्टरच्या सातबाऱ्यावर 4.00 हेक्टरचा विमा झाला.

दोन वेळा पैसे भरणारा हा माणूस यंत्रणेला जादा क्षेत्राचा विमा काढणारा दिसतो. बोगस विमा काढणाऱ्याला काही वर्षे काळ्या यादीत टाकण्याची तरतूद खरीप 2025 मध्ये आली आहे. हेतुपुरस्सर लबाडी करणाऱ्यावर ती लागावी हे योग्यच. पण पडताळणीच्या यादीत हेतू दिसत नाही, फक्त क्षेत्र दिसते. म्हणून कर्जदाराने केंद्रावर जाण्याआधी बँकेत नकार देऊन त्याची पोच घेतली पाहिजे, नाहीतर बँकेतच पीक बदलून घेतले पाहिजे. दोन्हींपैकी एक वाट. पोच हातात नसताना केंद्रावर अर्ज भरू नये.

तिसरी चूक: आत आहोत असे वाटणे

याच्या अगदी उलट प्रकार ऊस पट्ट्यात दिसतो. पीककर्ज उसावर घेतलेले असते. राज्यात खरिपाला विमा चौदा पिकांना आहे: भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तूर, मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग, तीळ, कारळे, कापूस आणि कांदा. ऊस त्यात नाही. म्हणून बँक काहीच कापत नाही. शेतकऱ्याने खोडव्याशेजारी अर्धा हेक्टर सोयाबीन पेरलेले असते आणि त्याच्या डोक्यात असते, की कर्ज आहे म्हणजे विमा बँकेने काढलाच असेल. शेजाऱ्याचा निघालेला असतो, याचा नसतो. हे त्याला कळते ते भरपाई जमा होते तेव्हा.

नकार कसा द्यायचा

काय लिहायचे ते सोपे आहे. नाव, कर्ज खाते क्रमांक, गाव, गट क्रमांक, हंगाम आणि वर्ष, पिकाचे नाव, आणि या हंगामात योजनेत सहभागी व्हायचे नाही हे एक वाक्य, सही किंवा अंगठा. ठरावीक नमुना शाखेत मिळायला हवा; नसेल तर कोऱ्या कागदावर लिहून द्यावे. दोन प्रती कराव्यात आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. सोसायटीचे कर्ज असेल तर इथेच घोळ होतो. खातेदार कागद गटसचिवाकडे देतो, सचिव तो दप्तरात ठेवतो आणि जिल्हा बँकेच्या शाखेत यादी जाते त्यात नाव नसते. सात दिवस मोजायचे ते शाखेत कागद पोहोचेपर्यंत. सचिवाची पोच घ्याच, पण शाखेतही खात्री करा.

घोषणापत्र वर्षभरात कधीही देता येते. कर्ज उचलतानाच ते दिले तर जुलैची धावपळ वाचते. पण मेमध्ये नकार देऊन जुलैत विचार बदलला तर? मग अंतिम तारखेच्या आत पेऱ्याच्या घोषणापत्रासह स्वतःहून अर्ज करता येतो का हे शाखेत विचारून घ्यावे, गृहीत धरू नये. एका हंगामाचा नकार त्याच हंगामापुरता आहे असे समजूनच चालावे. रब्बीच्या तारखा पिकागणिक वेगळ्या असतात: सहसा ज्वारीला 30 नोव्हेंबर, गहू, हरभरा आणि रब्बी कांद्याला 15 डिसेंबर, उन्हाळी भात आणि भुईमुगाला 31 मार्च. प्रत्येकीच्या मागे सात दिवस मोजावे लागतात. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नये. खरीप 2025 मध्ये ती मिळाली, म्हणून दर वर्षी मिळेल असे नाही.

हप्ता कापला गेला असेल तर दोन कामे उरतात. पोर्टलवर किंवा पीक विमा ॲपवर अर्जाची स्थिती काढून पीक, गट आणि क्षेत्र तपासायचे. आणि ई-पीक पाहणी स्वतः, शेतात उभे राहून करायची. बँकेने हप्ता कापला पण पोर्टलवर नोंदच केली नाही, किंवा मंडळाचे नाव चुकवले, तर भरपाईची जबाबदारी बँकेवर येते. मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. तक्रार करताना उताऱ्यावरची ती कपातीची ओळ हाच पुरावा, म्हणून ऑगस्टमध्ये खात्याचा उतारा काढून ठेवावा.

उलटे टोक: एक रुपया

आपोआप सहभाग वाईट आणि स्वेच्छेचा अर्ज चांगला, असा निष्कर्ष काढायची घाई होऊ नये म्हणून याच राज्यातला दुसरा अनुभव पाहू. खरीप 2023 पासून महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरायचे ठरवले, शेतकऱ्याला फक्त एक रुपया. आधीच्या खरिपात सुमारे 96 लाख अर्ज होते, ते सुमारे 1 कोटी 70 लाखांवर गेले. ज्यांनी कधी विमा काढला नव्हता असे लाखो शेतकरी आत आले, ही मोठीच गोष्ट होती. पण प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळत होते. अर्जदाराचा एक रुपया आणि चालकाचे 40, असा हिशेब असल्यावर अर्ज कोणाच्या इच्छेने भरला जातो? सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, बिगरशेती जागेवर विमा निघालेले आढळले. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर परस्पर अर्ज भरले गेले. कागदावर हे सगळे स्वेच्छेने केलेले सहभाग होते.

एप्रिल 2025 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने एक रुपयाची योजना बंद करून 2, 1.5 आणि 5 टक्क्यांचा हप्ता परत आणला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान हे घटक वगळून खरीप 2025 ची भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली गेली. यामुळे निवडीचा विचारच बदलतो. एकट्याच्या शेतात पाणी साचले आणि मंडळाची सरासरी चांगली आली तर भरपाई नाही. ज्याची जमीन मंडळातल्या इतरांसारखी आहे त्याला विमा परवडतो. ओढ्याकाठच्या, दर वर्षी एकट्यानेच बुडणाऱ्या शेताला तो फारसा उपयोगी नाही. आपले शेत यांपैकी कुठले, हे बँकेच्या नोंदीत कुठेच लिहिलेले नसते. ते खातेदारालाच ठाऊक असते.

काय बदलता येईल

कर्जदाराला आपोआप आत घेणे बंद करावे असे आम्हाला वाटत नाही. कोरडवाहू पट्ट्यात जुलैच्या धांदलीत अर्ज राहून जाणारे पुष्कळ असतात, आणि दुष्काळी वर्षी त्यांना त्या न भरलेल्या अर्जाचीच रुखरुख लागते. पण कापण्याआधी सांगितले पाहिजे. आज संदेश येतो तो हप्ता कापल्यावर किंवा नोंद चढल्यावर. त्याऐवजी 10 जुलैला मराठीत चार ओळी याव्यात: तुमच्या नावे अमुक गटात सोयाबीन 2.00 हेक्टर, हप्ता 2,000 रुपये. पीक वेगळे असेल तर 29 तारखेपर्यंत कळवा. विमा नको असेल तर 24 तारखेपर्यंत. बँकेकडे ही सगळी माहिती आणि मोबाईल क्रमांक आधीच असतो.

नकाराचे घोषणापत्र आणि पीकबदलाचा अर्ज एकाच पानावर असावेत. आज नकाराची चर्चा होते आणि दुरुस्तीची होत नाही, म्हणून चिडलेला शेतकरी एक तर पूर्ण बाहेर पडतो किंवा चुकीच्या पिकासह आत राहतो. सोसायटीच्या फलकावर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खातेदार, पीक आणि क्षेत्र यांची यादी लावली, तर गावातलेच लोक चुका दाखवतील. कोणाच्या रानात काय पेरले आहे हे गावाला शिवारात फिरताना दिसतच असते.

आपल्या नमुन्याच्या खात्यात या यादीने काय झाले असते? 10 जुलैपर्यंत दुसरी खेप पेरून झाली होती. फलकावर सोयाबीन 2.00 हेक्टर वाचून खातेदाराने 29 तारखेच्या आत एका कागदावर लिहून दिले असते: सोयाबीन 1.20, तूर 0.80. खात्याला 2,000 ऐवजी 1,840 रुपये नावे पडले असते, आणि तुरीचे 8,000 त्याच्या हक्काचे झाले असते.